न बोलणारा एम.आर.

संपादकबाईंनी फोन केला तेव्हा मी उचलला नाही. दुसऱ्यांदा केला तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा आमच्या सुनंदाने उचलला आणि सांगून मोकळी झाली, "घरातच आहेत. समोर बसलेत. फोन वाजतोय तो बघताहेत." लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, तरी या बाईला माझ्यासाठी एक साधं खोटं बोलता येत नाही. शेवटी बाईंनी मेसेज पाठवला, की इतकी वर्षं एम.आर. होतात, तर आमच्या दिवाळी अंकासाठी नोकरीवर काहीतरी लिहा. त्याला मी दोन मिनिटांत उत्तर दिलं, 'लिहितो.'

मला शिष्ट म्हणाल्या असतील मनातल्या मनात. म्हणोत. मी शिष्ट नाही, मला फक्त वाजणारा फोन आवडत नाही. अचानक कुणीतरी घरात घुसून 'बोला' म्हणावं, तसं वाटतं. लिहायला सांगा, पाहिजे तेवढं लिहीन. साठी उलटली, नोकरी संपून दोन वर्षं झाली, आता या स्वभावाबद्दल कुणाची माफी मागायची माझी तयारी नाही. पूर्वी मागायचो, तीच चूक झाली.

एम.आर. म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, औषध कंपनीचा माणूस. दवाखान्यात तुमचा नंबर येणार, इतक्यात गळ्यात टाय आणि हातात काळी बॅग असलेला एक इसम तुमच्या आधी आत शिरतो आणि तुम्ही चरफडता, तो मी. आमचं काम म्हणजे डॉक्टरांना भेटून आपल्या कंपनीची औषधं समजावून सांगायची, नमुन्याच्या बाटल्या द्यायच्या, आणि उद्या त्यांनी तीच औषधं लिहावीत अशी आशा करत पुढच्या दवाखान्यात जायचं. दोन मिनिटांच्या भेटीसाठी कधी कधी दोन तास बसावं लागतं. माझ्याकडे अर्धी झाशी आणि बाहेरचं चिरगाव, गरौठा, समथर असा भाग होता. मे महिन्यात इकडे लू, म्हणजे अंग भाजणारा वारा, सुटते तेव्हा माणसं तोंडाला गमछा बांधून घरात बसतात, आणि मी गमछ्यावर टाय लावून बसच्या खिडकीशी बसलेला असायचो.

मला ही नोकरी लागली तेव्हा घरात हसाहशी झाली होती. आमची माणसं पेशव्यांच्या काळात कारकुनीसाठी इकडे आली ती इकडचीच झाली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भाजीवाल्याशी बुंदेली. भाषा तीन, पण मी तिन्हींत गप्प. आमची आत्या मला 'खाली मुंडी पाताळ धुंडी' म्हणायची. शेजारचे चाचाजी 'घुन्ना', म्हणजे आतल्या गाठीचा, म्हणायचे. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नेमणुकीचं पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकलं जात नाही. तू काय विकणार?"

नाना, एकतीस वर्षं विकलं. आणि माती नाही विकली.

लोकांचा पहिला गैरसमज हा, की गप्प माणूस घाबरतो. अहो, मी दिवसाला दहा डॉक्टरांसमोर उभा राहायचो. त्यातले निम्मे चिडके, दोन बहिरे, एक तर पेशंटच्या घशात बॅटरी मारता मारता माझ्याकडे न बघता म्हणायचा, "हाँ, सुनाओ." मी सुनवायचो. एक शब्द अडखळायचा नाही. मला बोलता येतं, चांगलं येतं. बोलून झालं की मात्र मला थोडा वेळ कुणी नको असतं. आमच्या बुंदेलखंडात हातपंप उपसून उपसून कोरडा पडतो, मग थोडा वेळ सोडून द्यावा लागतो, पाणी आपोआप वर येतं. तसंच आहे हे, यात रोग काही नाही.

पण हे कुणाला सांगावं? बाकीचे एम.आर. दोन भेटींच्या मध्ये दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर जमायचे. चांगली पोरं होती, हसायची, एकमेकांच्या साहेबांच्या नकला करायची. मला त्यांचा राग नव्हता, पण तिथे अर्धा तास उभं राहिलं की पुढच्या डॉक्टरसाठी माझ्यात काही उरायचं नाही. म्हणून मी आत जाऊन पेशंटच्या बाकावर बसायचो. मांडीवर बॅग, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. टपरीवर चर्चा व्हायची की दिवेकर स्वतःला मोठा समजतो. कुणी म्हणायचं घरी काही दुःख आहे. एकाने तर सुनंदाला फोन करून विचारलं होतं, "भाभीजी, भाईसाहब ठीक तो हैं?" ती म्हणाली, "ठीक हैं, चेहरा ही ऐसा है."

आणि उलट्या बाजूचा गैरसमजही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल स्वतःची आरती ओवाळतोय. गप्प माणूस म्हणजे खोल माणूस, काहीतरी गहन विचार करतोय, असं काही भली माणसं समजतात. तसंही काही नसतं. त्या बाकावर बसून मी बहुतेक वेळा डब्यात भेंडी असेल की कारलं याचा विचार करत असे.

मात्र बाकावर एक गोष्ट घडायची. गप्प बसलेल्या माणसासमोर लोक मोकळं बोलतात. बाटलीचं बूच उघडत नाही, गोळी कडू आहे म्हणून म्हातारा थुंकून टाकतो, डॉक्टरने तीन वेळा सांगितलं तरी आम्ही दोनदाच देतो, हे सगळं मला तिथे कळायचं. कंपनीच्या टॅबमध्ये रंगीत चित्रं होती, त्यात यातलं काही नव्हतं. डॉक्टरांना मी हे सांगायचो, आणि औषधात काही खोट असेल तर तीही सांगायचो. पोटात जळजळ होते, झोप येते, साखरेच्या पेशंटला देऊ नका. आमचे एरिया मॅनेजर सक्सेनाजी एकदा माझ्याबरोबर फिरायला आले होते. बाहेर पडताच मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिवेकरजी, आप दवाई बेचने निकले हैं कि रोकने?"

सक्सेना वाईट माणूस नव्हता. त्याचा एक सिद्धांत होता, की जो बोलतो तो विकतो, आणि तो सिद्धांत माझ्यामुळे दरवर्षी अडचणीत यायचा, कारण माझी विक्री पहिल्या तिघांत असायची. त्यामुळे त्याने मला सुधारायचं मनावर घेतलं. व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर झालं. हॉटेलच्या हॉलमध्ये आम्ही तीस बाप्ये गोल करून उभे, आणि शिकवणारा तरुण आमच्याकडे चेंडू फेकून ओरडायला लावतोय, 'मैं सबसे अच्छा हूँ'. माझ्या वेळी चेंडू मी झेलला आणि नीट टेबलावर ठेवला. तो जवळ येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आपके अंदर एक शेर सोया हुआ है, सर." मी म्हटलं, "सोने दीजिए." हॉल हसला. माझ्या कागदावर शेरा पडला, 'सहकार्य नाही.'

आता समथरच्या डॉक्टर पटैरियांबद्दल सांगायला हवं, कारण पुढे ते येणार आहेत. त्यांच्या दारावर पाटी होती, 'एम.आर. कृपया क्षमा करें.' सगळे जण पाटी वाचूनही आत घुसायचे आणि शिव्या खाऊन बाहेर यायचे. मी दर गुरुवारी जायचो आणि बाकावर बसायचो. तासाभराने परतीची बस धरायचो. दोन महिन्यांनी म्हातारा स्वतः बाहेर आला. "तुम हर हफ़्ते बैठते हो, अंदर क्यों नहीं आते?"

"बोर्ड लगा है, डॉक्टर साहब."

त्यांनी मला आत बोलावलं. तेव्हापासून त्यांचा मला पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "पहले ये बताओ, इसमें ख़राबी क्या है?" असेल ती सांगायची, नसेल तर नाही म्हणायचं. मग ते लिहायचे किंवा लिहायचे नाहीत. वीस वर्षं आमचं असं चाललं आणि त्यात हवापाण्याच्या गप्पा एकदाही झाल्या नाहीत. अशा नात्याला लोक कोरडं म्हणतात. मला त्याहून ओलं नातं या धंद्यात मिळालं नाही.

आता मूळ गोष्ट. दहा वर्षांपूर्वीची, थंडीतली.

कंपनीने लहान मुलांसाठी सर्दी-खोकल्याचं नवं सिरप काढलं होतं. गोड, लाल. सर्दीवरच्या अशा औषधाने थोडी सुस्ती येतेच, म्हणून मात्रा जपून द्यायची असते. बाटलीच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा छोटा पारदर्शक कप, त्यावर अडीच आणि पाच मिलीच्या खुणा. दोन वर्षांच्या मुलाला अडीच. आमच्यावर सिरपचा भयंकर जोर होता. सकाळ-संध्याकाळ ग्रुपवर मेसेज, कोण किती बाटल्या पुढे. मी नमुन्याच्या बाटल्या सगळीकडे वाटल्या होत्या. औषध चांगलं होतं, आजही म्हणेन.

चिरगावला बाकावर बसलो होतो. शेजारी दोन बाया. एकीच्या मांडीवर मुलगा, चांगला भर दिवसा गाढ झोपलेला. ती दुसरीला सांगत होती, "जा दवाई पियत है तो मोड़ा दिन भर सोउत रत." औषध प्यायलं की पोर दिवसभर झोपतं. दुसरी म्हणाली, बरंच आहे की, तुला कामं आवरता येतील. दोघी हसल्या. पिशवीतून माझ्या सिरपच्या बाटलीचं टोक दिसत होतं.

घरी आल्यावर बॅगेतली एक बाटली काढली. कपात अडीचच्या खुणेपर्यंत पाणी भरलं आणि इंजेक्शनच्या सिरिंजने ओढून बघितलं. जवळजवळ पाच भरलं. परत बघितलं, पाचच. खूण चुकीच्या जागी छापलेली होती. आई अडीच म्हणून ओतणार आणि पोराच्या पोटात दुप्पट जाणार.

इथे मला थांबून स्वतःचा पंचनामा करायचा आहे. मी काय केलं? उठून फोन करायला हवा होता. सक्सेनाला, डॉक्टरांना, सगळ्यांना. मी केला नाही. मनात म्हटलं, हा एकच कप खराब असेल. आणखी बघू, खात्री करू, मग बोलू. झाशीच्या दोन दुकानांतून बाटल्या मागून घेतल्या, मोजल्या. समथरहून परत येताना एका दुकानातली मोजली. काही कप बरोबर निघाले, नव्या खेपेतले सगळे चुकीचे. सक्सेनाला लांबलचक मेल लिहून ठेवली, तक्ता केला, आणि पाठवली नाही. तक्त्यात अजून चार ओळी हव्यात असं वाटत राहिलं. यात आठ दिवस गेले.

तेव्हा मी स्वतःला सांगत होतो, की हा माझा स्वभावच आहे, मी पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. साफ खोटं. मी घाबरलो होतो. आपण चुकलो तर हसतील, तेवीस वर्षं गप्प बसलेला माणूस बोलला आणि तेही चुकीचं बोलला म्हणतील, ही ती भीती. लोक अबोलपणाला भित्रेपणा समजतात म्हणून मी आयुष्यभर भांडलो, आणि वेळ आली तेव्हा मीच भित्रेपणाला अबोलपणाचं पांघरूण घातलं. माझ्या जातीच्या माणसांनाच ही चूक जमते. बडबड्या माणसाने पहिल्याच दिवशी टपरीवर सगळं ओकून टाकलं असतं आणि त्यात भलंच झालं असतं.

नवव्या दिवशी सकाळी गरौठ्याला डॉक्टर राजपूतांकडे बसलो होतो. एक तरुण आई धावत आत आली, कडेवर शालीत गुंडाळलेली दोन वर्षांची मुलगी. पोर हाक मारून उठत नव्हती. मान एकीकडे लोंबत होती. बाईच्या हातात बाटली होती, आणि बाटलीवर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का. म्हणजे नमुन्याची. म्हणजे मी माझ्या हाताने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलेली आणि त्यांनी गरीब बाई म्हणून फुकट दिलेली.

मी रांग, नंबर काही न बघता आत गेलो. "डॉक्टर साहब, कप ग़लत है. दुगुनी ख़ुराक गई है." आईने सांगितलं, दिवसातून तीनदा दिली, आणि पोर रात्री खोकली म्हणून सासूने आणखी एकदा दिली. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि स्वतःची गाडी काढली. झाशीपर्यंत मी पुढच्या सीटवर बाटली आणि तो कप धरून बसलो होतो, म्हणजे मोठ्या इस्पितळात नेमकं किती औषध गेलं ते सांगता येईल. मागे ती आई मुलीच्या तळव्यांना हात घासत होती. सगळ्या रस्त्यात कुणी बोललं नाही. शांततेचा मला आयुष्यात पहिल्यांदा त्रास झाला.

मुलगी वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले आणि बिस्किट मागितलं. मी तिथेच व्हरांड्यात होतो. आईने मला कंपनीचा बडा माणूस समजून हात जोडले, भैयाजी तुम्ही होतात म्हणून वाचली म्हणाली. ते हात बघवेनात. मी तिला खरं सांगितलं, की कप चुकीचा आहे हे मला आठ दिवसांपासून ठाऊक होतं.

तिने हात खाली घेतले. आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "तो पैलें काए नईं बताई?"

मग आधी का नाही सांगितलंत? खूप लाज वाटली. इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती, त्यानंतरही नाही. मी 'ग़लती हो गई' म्हणालो आणि जिना उतरलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी झाशीतच आमची महिन्याची मीटिंग होती. तोच हॉटेलचा हॉल. सक्सेना पडद्यावर सिरपचे चढते आलेख दाखवत होता आणि पोरं टाळ्या वाजवत होती. मी उभा राहिलो. तेवीस वर्षांत मीटिंगमध्ये न विचारता मी कधी उभा राहिलो नव्हतो, त्यामुळे आपोआप शांतता झाली. टेबलावर पाच कप मांडले, पाण्याचा ग्लास ठेवला, सिरिंज ठेवली. एका कपात अडीचच्या खुणेपर्यंत पाणी ओतलं, सिरिंजने ओढलं आणि सिरिंज वर धरली. मग गरौठ्याची मुलगी सांगितली. सगळं मिळून तीन मिनिटं लागली असतील.

"बैठ जाइए, दिवेकरजी," सक्सेना म्हणाला. "यह बात यहाँ की नहीं है."

"आप ख़ुद नाप लीजिए," मी म्हटलं आणि सिरिंज त्याच्यापुढे केली.

त्याने हात पुढे केला नाही. मला वाटतं त्याला मोजायची भीती वाटली, कारण मोजलं की तोही माझ्यासारखा जाणता झाला असता. मग तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, की वर कळवतो, जे करायचं ते वरचे करतील, तोवर बाहेर एका डॉक्टरशी, एका दुकानदाराशी एक अक्षर बोलायचं नाही. शेवटी म्हणाला, "चुप रहना तो आपको आता ही है."

हे ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. शाळेपासून मला जो तो 'बोल, बोल' करत आला. आत्याने टोमणे मारले, शिबिरात चेंडू फेकले, याच सक्सेनाने दरवर्षी माझ्या कागदावर 'संवाद कमी' लिहिलं. आणि ज्या दिवशी मी बोललो त्या दिवशी त्यांना माझं गप्प बसणं आठवलं. यांना बोलणारी माणसं हवीच नसतात, यांना आवाज हवा असतो. मी बॅग उचलली आणि बाहेर पडलो.

तीन दिवस हिंडलो. पहिली बस पकडून शेवटच्या बसने घरी. चिरगाव, गरौठा, समथर, मग झाशीतले. प्रत्येक ठिकाणी तेच, कप, पाणी, सिरिंज. एक-दोन दुकानदार म्हणाले, कंपनीचा कागद दाखवा. कागद नव्हता. मी त्यांच्या हातात सिरिंज दिली आणि म्हटलं, तुम्हीच मोजा. त्यांनी मोजलं आणि बाटल्या आत ठेवल्या.

समथरला डॉक्टर पटैरियांनी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आत मी म्हणालो, "आज ख़राबी ही बताने आया हूँ." दोन वाक्यं ऐकून त्यांनी कंपाउंडरला हाक मारली आणि फळीवरच्या सगळ्या बाटल्या उतरवायला सांगितल्या. मी सिरिंज काढत होतो, तर म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, एकदा बघून तर घ्या. "क्या देखना," ते म्हणाले, "झूठ बोलने के लिए जितना बोलना पड़ता है, उतना तुम बोलते ही नहीं." मग त्यांनी आपणहून जवळच्या 'मोठ' नावाच्या गावातल्या दोन ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावले आणि माझं नाव सांगितलं. तिथे मला जावंही लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा घसा बसला होता. सुनंदाने ज्येष्ठमध दिलं आणि पुढचे दोन दिवस आल्या-गेल्याला दारातूनच वाटेला लावलं. मी खिडकीशी बसून होतो. बोलायला शब्दच शिल्लक नव्हते. न बोलणारा माणूस बोलू शकत नाही हा सगळ्यांत मोठा गैरसमज. वेळ पडली तर तो चाळीस ठिकाणी बोलतो, मग दोन दिवस आडवा होतो, एवढाच फरक. तुमच्या घरात असं एखादं मूल असेल तर पाहुण्यांसमोर 'कविता म्हण, कविता म्हण' करून त्याचा जीव खाऊ नका. त्याला हे मात्र नक्की शिकवा, की कुणाचं वाईट होताना दिसलं तर खात्री करत बसू नकोस.

पुढच्या खेपेत सिरपचे कप बदलून आले. का बदलले, कुणी सांगितलं नाही. एक ओळीचं पत्रक नाही, माफी तर दूरच. मला मात्र नोटीस आली. कंपनीच्या उत्पादनाबद्दल परवानगीशिवाय बाहेर बोलल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा सात दिवसांत खुलासा करावा. तेवीस वर्षांची नोकरी, आमची मुलगी तेव्हा कॉलेजात. मी घाबरलो नाही असं म्हणणार नाही. एक जुना सहकारी घरी येऊन सांगून गेला, की सक्सेनाला फोन कर, दोन गोड शब्द बोल, प्रकरण मिटेल.

तो गेल्यावर सुनंदा म्हणाली, "गोड बोलणं तुम्हाला जमायचं नाही. खरं काय ते लिहा, ते तुम्हाला येतं."

मी लिहिलं. त्याला उत्तर कधी आलं नाही. मला काढलं नाही, बढतीही दिली नाही, पुढची आठ वर्षं त्याच भागात त्याच बाकांवर बसून काढली आणि निवृत्त झालो. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण करायला सांगितलं, तेही केलं नाही. त्या खुलाशाची प्रत माझ्याकडे आहे. मूळ हिंदीत आहे, मराठीत देतो आणि थांबतो.

'महोदय, मी परवानगीशिवाय का बोललो असं आपण विचारलं आहे. बाटलीच्या कपावरची खूण चुकीची होती, मुलांना दुप्पट औषध जात होतं, म्हणून बोललो. हे मला त्याच्या आठ दिवस आधीपासून माहीत होतं आणि त्या आठ दिवसांत मी कुणालाही काही सांगितलं नाही. त्यात गरौठ्याची एक मुलगी मरता मरता वाचली. शिक्षा द्यायची असेल तर त्या आठ दिवसांची द्या, ती मी मुकाट्याने घेईन. बोलल्याची घेणार नाही.'